डावा कान वर असलेला चोर

आदरणीय मेहुणेबुवांना,

दाजींचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातून, कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच.) इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला? आणि तुमचे दोन्ही कान कसे आहेत? कानांचं का विचारतो ते पुढे येईलच. पुढच्या रविवारी तुम्ही उभयता येणार म्हणून तुमच्या बहिणीने घर डोक्यावर घेतलंय. पडदे धुतले, चादरी धुतल्या, मध्ये सापडलो म्हणून मलाही धुतलं. दादा इतक्या वर्षांनी येतोय, त्याला काही कमी पडलं तर बघा, अशी तंबी मिळाली आहे. म्हणूनच आमच्या गल्लीत तुमच्याबद्दल जो किंचित गैरसमज झालाय, तो तुम्ही गाडीत बसायच्या आधीच सांगून टाकतो.

त्याचं असं झालं. आमची गल्ली पार मरगळली होती. दिवे बंद, निम्मी दुकानं बंद, संध्याकाळी कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही. म्हणून हेडमास्तरांनी (ते निवृत्त झालेत, पण हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही) समिती काढली आणि समितीने ‘सावध शेजारी’ नावाचं पत्रक काढलं. चोऱ्या थांबवायच्या, गल्लीत पुन्हा जीव आणायचा, त्यासाठी प्रत्येक घराने आपला एक अनुभव लिहून द्यायचा. आता अनुभव यायला आधी चोर यायला नको का? आणि आमच्याकडे त्याने यावं कशाला, आमची करमणूक करायला? इस्त्रीवालीने चादर चोरीला गेल्याचं लिहून दिलं, तर ती चादर आमची होती म्हणून तीन घरं भांडायला आली. नळवाल्याने पाना गेल्याचं लिहिलं. पाना दुसऱ्याच दिवशी त्याच्याच पिशवीत सापडला, पण मजकूर मागे घ्यायला गडी तयार नाही. राहिलो मी. हेडमास्तर रोज दुकानात येऊन उभे. शेवटी म्हणाले, चष्म्याच्या दुकानदाराला काहीच दिसत नाही, हे गिऱ्हाइकांना कळलं तर बरं दिसेल का? वर्मी लागलं हो! मी बसल्या बैठकीला दुकानाच्या मागच्या खिडकीतून एक चोर आत घेतला, त्याला अक्षरांच्या तक्त्यासमोर उभा केला, वाच म्हणालो, आणि शेवटची ओळ वाचता येईना तेव्हा तो लाजून पळाला, असं लिहून दिलं.

पण चोर म्हटला की त्याला चेहरा लागतो. मला पाठ असलेला चेहरा एकच, तुमचा. चष्मा बसवताना तुमच्याइतका छळ मला कुणी केलेला नाही. डावा कान उजव्यापेक्षा बोटभर वर, नाक उजवीकडे कललेलं, भुवयांच्या मध्ये तीळ. हात लिहीत गेला आणि डोक्याने विचारलंच नाही की बाबा, हा कोण? पत्रक छापून आलं. मग पाट्या रंगवणाऱ्याने त्या वर्णनावरून कोपऱ्यावरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचं चित्र काढलं. हुबेहूब तुम्ही! (मिशा त्याच्या पदरच्या. तुम्हाला शोभतात.)

आणि काय सांगू, गल्ली जागी झाली! दिवे लागले, गस्त सुरू झाली, गस्तवाल्यांसाठी चहाची बंद टपरी उघडली. जो तो आता तुमच्याबद्दल लिहितो. समोरच्या आजींकडे तुम्ही पाणी मागितलंत (रीतसर, भांडं धुऊन परत दिलंत), आणि तालीमवाल्याने तुम्हाला इतकं चोपलं की तुमचा गुडघा कामातून गेला. गुडघ्याचं त्याला कुणी सांगितलं देव जाणे. मग गस्तवाले माझ्याच दुकानातली पट्टी नेऊन लोकांचे कान मोजू लागले. आमच्या धंद्यातलं गुपित सांगतो, कुणाचेच कान सारखे नसतात. पोस्टमन अडकला, दूधवाला अडकला, शेवटी खुद्द हेडमास्तर अडकले. तेव्हापासून ते भर उन्हात कानटोपी घालतात आणि त्यांचं बघून अख्खी गल्ली. आता कुणी ‘चोर, चोर’ ओरडलं तरी कुणाला ऐकू येत नाही.

तुम्ही याल त्याच रविवारी, त्याच चित्राखाली, माझा सत्कार आहे. खरं बोलावं तर दिवे पुन्हा विझतील, न बोलावं तर माझ्या बायकोचा भाऊ तिच्याच दारात मार खाईल. इकडे आड, तिकडे विहीर! तेव्हा हात जोडून विनंती एवढीच, की येताना कानटोपी घालून या. कुणाला संशय येणार नाही, उलट घरचे वाटाल.

तुमचा, मनापासून ओशाळलेला,
दाजी

ता. क. : नाकावर रुमाल धरा, सर्दी झाल्यासारखा. तिळावर पट्टी.

ता. क. : तुमच्या बहिणीला यातलं अक्षर माहीत नाही. पत्रक आलं की ती न वाचता फडताळात अंथरते. कृपा करून तोंडातून काढू नका.

ता. क. : पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात विशेषांक वाटायला आला. पहिल्याच पानावर तुमच्या बहिणीचा लेख, ‘या चोराला मी लहानपणापासून ओळखते’. म्हणजे बाई फडताळात वाकून सगळं वाचत होती! तिची चप्पल तुटली तेव्हा तुम्ही आपली तिला दिलीत आणि स्वतः अनवाणी शाळेत गेलात, ते तिने लिहिलंय. वाचताना मलाच रडू आलं हो. पुढच्या परिच्छेदात मी आहे, माझ्या थापेसकट, तो वाचून रडू थांबलं. हेडमास्तरांनी भर चौकात कानटोपी काढली. गल्ली तुम्हाला घ्यायला स्टेशनवर येणार आहे, सगळे दिवे लावून ठेवणार आहेत, आणि सत्कार आता तुमचा आहे. तेव्हा वरचं सगळं विसरा, उघड्या कानांनी या. मी मात्र शनिवारीच तुमच्याकडे राहायला निघतोय. घराची किल्ली कुठल्या कुंडीखाली ठेवता ते कळवा, दुकानाच्या पत्त्यावर, घरच्या नको. (छापणार नाही.) आणि तुमच्या शेजाऱ्यांना माझं वर्णन आधीच देऊन ठेवा. डावा कान माझाही थोडा वरच आहे.