जुन्या फोनचा रकाना

आप्पा, आपल्या वळसंगच्या टॉवरवर फाइव्ह जी चढवलं, त्याची चाचणी मी केली. चाचणीच्या कागदावर एक खूण मी खोटी केली, आणि तिच्यापायी आई आणि माझा मावसभाऊ यांचं बोलणं तुटलंय. तुम्ही असता तर आधी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला असता आणि मग माझी सालटी काढली असती. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून तर एवढ्या धीरानं लिहितोय.

माझं काम तुम्हाला धड कधी पटलंच नाही. तुम्ही टेलिफोन खात्यातले लाइनमन, खांबावर चढून तळहाताला घट्टे पाडून घेतलेले. होटगीच्या पाव्हण्यांना तुम्ही सांगायचात, "आमचं पोरगं मोटारीत बसून नुसतं फिरतंय आनि त्येचा पगार घेतंय." खोटं नव्हतं ते. अजूनही तेच करतो. चढणारी पोरं टॉवरवरची जुनी अँटेना उतरवतात, नवी बसवतात, आणि मग मी गाडीत चार फोन मांडून गावाभोवती चकरा मारतो. पडद्यावर वेगाचा आकडा पळत असतो. हिरवं दिसलं की गाडी पुढं, लाल दिसलं की थांबायचं, वर फोन करायचा, अँटेना जरा खाली वाकवा म्हणायचं. मी मूळचा संशयी, हे तुम्हाला ठाऊक आहे. भाजीवाल्यानं वजनाला हात लावला का, वायरमननं जुनीच वायर परत घातली का, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून तर कंपनीनं मला तपासणीवर घेतलं. सगळ्यांवर संशय घेणारा माणूस हवाच असतो, फक्त त्यानं स्वतःवरही घ्यायचा असतो, ते राहून गेलं.

त्या शुक्रवारी वळसंगात आकडा असा काही चढला की ड्रायव्हरनं शिट्टी मारली. एस.टी. स्टँडजवळ पोरं मोबाइल वर धरून एकमेकांना वेग दाखवत होती. पारावर एक म्हातारा बसला होता, खालच्या आळीतला, चेहऱ्यानं ओळखीचा. त्यानं गाडीच्या काचेवर टकटक केली. "वेग दिला म्हनतायसा, लई चांगलं केलं. पन बदल्यात काय न्हेलं त्ये बी सांगा की."

मी हसलो. "आजोबा, न्यायला काय हाय हितं?"

"त्येच तर इचारतोय," तो म्हणाला.

गावाकडची माणसं टॉवरवर संशय घेतातच. डोकं दुखतं म्हणतात, चिमण्या गेल्या म्हणतात. मी काच वर केली. आमच्या कागदाच्या शेवटी एक रकाना असतो, जुन्या फोनचा. साध्या बटणाच्या फोनवरनं चार दिशांना एक-एक फोन लावून बघायचा, लागला की खूण करायची. तो बटणाचा फोन माझ्या पिशवीच्या तळाला होता, त्याची बॅटरी महिन्यापूर्वीच मेली होती, आणि महिनाभर मी तो रकाना गाडीत बसूनच भरत होतो. नवं एवढं फर्मास चालतंय तर जुन्याला काय धाड भरलीय? आणि आता बटणाचा फोन वापरतं तरी कोण? कोण म्हणजे काय, आप्पा, आपली आई वापरते. तिचं घर तिथनं चालत दोन मिनिटांवर. गेलो नाही. गेलो असतो तर चहा, मग भाकरी टाकते म्हणाली असती, मग तासभर गेला असता, आणि अजून दोन गावं व्हायची होती. खूण केली आणि निघालो.

तुमच्याबरोबर फिरलेला एक दिवस मला आता सारखा दिसतो. डिप्लोमाची सुट्टी होती, वीस वर्षांचा घोडा झालो होतो मी. सोलापुरात पूर्व भागात एका विणकराच्या घरी फोन बंद होता. खाली माग चालू, खटक-खटक असा आवाज की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. तुम्ही गच्चीवरचा जोड उघडता, तार खरवडता, नवा पीळ देता. खाली येऊन मी रिसीव्हर कानाला लावतो, टोन आलेला असतो. मी म्हणतो, आला टोन, चला. तुम्ही हलत नाही. घरातल्या म्हातारीला स्टुलावर बसवता आणि एक्स्चेंजमधल्या तुमच्या दोस्ताला परत फोन लावायला सांगता. घंटी वाजते. म्हातारी घाबरून तेलुगूत काहीतरी ओरडते, तिकडनं दोस्त मराठीत "बोला आजी, बोला आजी" करतो, कुणाला कुणाचं एक अक्षर कळत नाही, आणि तुम्ही पोट धरून हसता. मग तक्रारीच्या चिठ्ठीवर सही घेता. मला वाटलं, काय हा वेळकाढूपणा. ते तोंडावर दिसलं असणार, कारण बाहेर चहाच्या गाड्यावर चारचौघांत तुम्ही मला झाडलंत. "टोन आला म्हंजी फोन लागला न्हवं. घरातल्या म्हाताऱ्या मानसाच्या कानात आवाज गेला पायजे, तवर आपली सही न्हाय. आनि फॉल्ट आला की आदी आपला जोड बगायचा, मग दुसऱ्याच्या नावानं बोंब मारायची." चहावाला हसला. मला एवढा राग आला होता की मी बनपाव तसाच ठेवून उठलो.

शुक्रवारी टॉवर झाला. रविवारी मी आईला फोन लावला, तर ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर. म्हटलं, चार्जिंगला लावायचं विसरली असणार, नेहमीचंच आहे. सोमवारी सकाळी मोठ्या मावशीचा, आईच्या अक्काचा, फोन आईला यायचा, तो आला नाही. तुम्हाला आठवत असेल, अक्कलकोटच्या पलीकडनं दर सोमवारी तो यायचाच. पलीकडनं "ऊट आतेन?" म्हणजे जेवलीस का, आणि इकडनं आई मराठी सोडून सरळ कानडीत घुसायची. आईचा फोन फक्त येण्यापुरता, तिला लावता येत नाही, बॅलन्सही नसतो. फोन आला नाही तेव्हा तिनं काय धरलं, तर अक्का रुसली. मागच्या खेपेला अक्काच्या सुनेवरनं काहीतरी बोलणं झालं होतं, त्याचा राग. आपल्या घरात संशय हा मिठासारखा आहे, आप्पा, प्रत्येक गोष्टीत पडतोच.

बुधवारी सकाळी मी श्रीपूरकडं होतो. मावसभावाचा फोन आला, अक्काच्या लेकाचा. मी बघितला आणि वाजू दिला. वर्षभर तो माझ्या मागं लागला होता, "दादा, आमच्या रानात टॉवर बसवा की, तुमची वळख हाय." मला वाटलं, परत तेच. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मी ड्रायव्हरला म्हणालोसुद्धा, आला बघ टॉवरवाला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी फोन पालथा घातला. दुपारी चारला चहाला थांबलो तेव्हा लावला. तो रडतही नव्हता. म्हणाला, "आई गेली, दादा. पहाटं. माती झाली दोनला. मावशीला वीसदा फोन लावला. वाट बघितली लई."

गाडी तशीच वळसंगला वळवायला सांगितली. आई दारात शेंगा निवडत बसली होती. मी सांगितलं तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं. मग पहिला प्रश्न, "मला का न्हाय सांगितलं कुनी?" मी म्हटलं, तो म्हणतोय वीसदा फोन लावला. तिनं आत बोट केलं. "फोन हितंच हुता, पिठाच्या डब्यावर. मी सकाळधरनं घरातच हाय. येक डाव बी वाजला न्हाय. खोटं बोलतोय त्यो. त्येच्या बायकूला मी बोलले म्हून त्येनं मला अक्काचं तोंड बघू दिलं न्हाय." मग ती रडली, आप्पा. तुम्ही गेलात तेव्हाही अशी रडली नव्हती. आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "मलाबी आत्ताच कळलं." तीन फोन आले होते, हे गिळलं.

ती आत गेल्यावर मी तिचा फोन घेऊन अंगणात आलो. एक दांडी यायची, जायची. घराच्या मागं गेलो, काही नाही. गोठ्यापाशी, काही नाही. माझ्या खिशातल्या फोनवर मात्र वेग असा की आख्खा सिनेमा मिनिटात उतरेल. टॉवर तिथनं दिसतो, लिंबाच्या झाडावरनं. मी तिथं उभा राहून त्याच्याकडं बघत होतो. मला सगळं कळलं, अगदी कुठली वायर तेसुद्धा कळलं. तरी मनात पहिलं काय आलं, तर चढणाऱ्या पोरांनी घाण केली. खरंच त्यांनीच केली होती. आपल्या आळीच्या बाजूची जुन्या फोनना सिग्नल देणाऱ्या रेडिओची वायर काढली आणि परत जोडलीच नाही. पण ती शोधायला मी होतो ना! त्यासाठीच तर तो रकाना होता.

दुसऱ्या दिवशी पोरं चढली, दहा मिनिटांत वायर लागली. कारण काय लिहायचं म्हणून ऑफिसातनं विचारलं, मी सांगितलं, वाऱ्यानं सैल झाली. त्या आठवड्यात पान हलत नव्हतं. मग मी फाटकाजवळनं आईला फोन लावला. पिठाच्या डब्यावर घंटी वाजलेली मला बाहेर ऐकू आली. आई फोन हातात घेऊन दारात आली, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते बघून मला पळून जावंसं वाटलं. ती म्हणाली, "बग, चालतोय की! कुटं बंद हाय? मी काय म्हनत हुते, खोटं बोलतोय त्यो." मी वायर जोडली आणि त्या बिचाऱ्यावरचा आळ पक्का झाला. तोंड उघडायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "चहा टाक."

चौदाव्याला आई गेली नाही. मी एकटाच गेलो. मावसभावानं केस काढले होते, त्यामुळं चेहरा एकदम गेलेल्या मावशीसारखा दिसत होता. पंगत उठल्यावर त्यानं मला गोठ्यामागं नेलं आणि आपला फोन दाखवला. बुधवारची यादी. "मावशी, मावशी, मावशी", सगळा पडदा भरून. मधेच तीनदा माझं नाव. त्यावर त्याचं बोट थांबलं नाही, पुढं सरकलं. तेवढा मोठेपणा त्याच्यात होता. म्हणाला, "मावशी म्हनती मी लावलाच न्हाय. माज्या आईची शपत, दादा, लावला हुता. तुमी त्याच कामात हायसा. त्या दिवशी लायनीत काय घोळ हुता का? येवडं मावशीला सांगा, मंग बास."

बघा आप्पा, माणूस अजून सोपं करून काय देणार? नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. मी म्हणालो, "न्हाय रे. बघितलं मी. लायन चांगली हुती."

त्यानं फोन खिशात घातला. मान हलवली. मग विचारलं, "मंग माजंच काय तरी चुकलं आसंल का? नंबर-बिंबर?" त्या आवाजात तो खरोखरच स्वतःवर संशय घेत होता. त्यानं मला बसस्टँडपर्यंत सोडलं, वाटेत टॉवरचं एकदाही काढलं नाही.

आता सोमवारी सकाळी मी आईला फोन करतो. पहिल्या घंटीला उचलते, कानडीत काहीतरी म्हणते, मग मी आहे हे ध्यानात आलं की मराठीत येते. परवा म्हणाली, "अक्काच्या लेकाचा फोन आला हुता, मी तोडला." चांगलं केलंस असं मी म्हणालो नाही, वाईट केलंस असंही म्हणालो नाही. दर वेळी फोन लावताना ठरवतो की आज सांगायचं. नोकरी जाईल म्हणून थांबलोय असं मी स्वतःला सांगतो, पण एका रकान्यापायी कुणाची नोकरी जात नाही. खरं वेगळंच आहे, आणि ते हा कागद फाडायच्या आधी एकदा लिहून टाकतो. आई त्याच्यावर संशय घेतेय तोवर ती माझ्याकडं त्या नजरेनं बघत नाही, आणि तेवढ्यावर मला झोप लागते, आप्पा. चांगली लागते.