बिनगव्हाचा चीक

३ मार्च १९९७
आधी शेजारची जरीना आली, विरजण मागायला. खरं तर बघायला, की माझ्याकडे कोण आलंय! कॉलेजच्या दोन मॅडम. आमच्या नातवाला, हिलालला, मुंबईच्या डॉक्टरनं गव्हाचा रोग सांगितला ना; अशी तरणी पोरं काय खातात त्याचा त्या शोध लावतायत. बजावलं, आजी, गव्हाचा कणही नको. मी म्हटलं, पोळी बंदच आहे. मे महिन्यात त्याची पोलीसभरती. मीच अंगावर मांस चढवणार.

११ मार्च
कुरडयांसाठी गहू भिजवलेले, ते वाटून चीक काढला. गरम वाटीभर, गूळ घालून हिलालला. जरीना म्हणे, अक्का, हा गव्हाचाच ना? अगं, गहू पिळून चोथा म्हशीला घातला. उरलं ते दूध. दुधात गहू कुठला! हिलालनंही विचारलं. तांदूळना शे, म्हटलं. गव्हाच्या नुसत्या नावानं पोट दुखायचं त्याचं.

२९ मार्च
हिलालला जुलाब. ज्वारी बाधली. भाकरी बंद, चीक दोनदा.

१८ एप्रिल
मॅडम बुचकळ्यात. त्यांच्या शोधातली बाकी पोरं अंगानं भरली, हाच वाळतोय. चोरून पाव खातो का, विचारलं. पोरगा नाही म्हणाला. माझ्या चुडामणनं, त्याच्या नानानं, खोटारड्या म्हणून पट्ट्यानं फोडला. बापलेकाच्या मधे मी पडत नाही. मागून चीक दिला. रडत रडत खाल्ला, गुणाचा आहे.

६ मे
धुळ्याला भरती. धावताना पडला. छाती फुगलीच नाही म्हणे. ऊन फार होतं.

१२ मे
मॅडम आल्या. आज मी खुशीत चिकाची सगळी कृती सांगितली. शोधात माझंही नाव यायला हवं की नाही? मोठ्या मॅडमनी डोक्याला हात लावला. दारात हिलाल उभा. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, आजी, नाना माले मारी राह्यना व्हता, तवय तुले माहीत व्हतं ना?
मी म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी रे.

२ जून
हिलाल नरडाण्याला, मामाकडे. स्वतः भाकऱ्या थापतो. अंग भरायला लागलं म्हणे. माझाच चीक उशिरा लागू पडला. भेटायला गेले तर मामीनं सांगितलं, तो शेतात गेलाय. चप्पल दारातच होती.
मॅडम गुरुवारी परत येणार. नरडाण्याला. मी येऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या.