रिंगांची तिसरी जोडी

पंचवटी, नाशिक
दसऱ्यानंतरचा सोमवार, १९८१

चि. गोरक्ष यास,

कोंडाजीचे आशीर्वाद. तू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहेस आणि मी वयाने मोठा आहे, म्हणून ते द्यावेच लागतात. मनापासून दिले आहेत असा गैरसमज करून घेऊ नकोस. तुझी तब्येत चांगली असेल, सौ. कलाची कंबर आता दुखत नसेल, मुलं शाळेत वेळेवर जात असतील. इकडे मी आणि तुझी आक्का अंगाने ठणठणीत आहोत. डोकं मात्र काल सकाळी साडेदहापासून तापलेलं आहे आणि ते तुझ्यामुळे तापलं आहे. हे पत्र निवांत बसून वाच. उभ्याने वाचलंस आणि पाय दुखले, तरी माझी हरकत नाही.

आमच्या रायफल क्लबाचा नियम तुला मी तीनदा सांगितला होता, पण तू ऐकताना पान खात होतास, म्हणून चौथ्यांदा लिहितो. लागोपाठ तीन वर्षं ज्याला शंभरात पंचाहत्तर गुण मिळत नाहीत, त्याचं नाव नेमबाजांच्या यादीतून काढून मानद सभासदांच्या यादीत घालतात. मानद म्हणजे काय, तर स्पर्धेच्या दिवशी मांडवात बसून चहाची कुपनं फाडायची आणि संपलेल्या बिस्किटांबद्दल बोलणी खायची. दोन वर्षं मी सत्तर आणि अडुसष्टवर अडकलो. हात अजून दगडासारखा स्थिर आहे (कारखान्यात कुणालाही विचार), पण छप्पन्नाव्या वर्षी बंदुकीच्या टोकावरची माशी (नेम धरायची खूण) आणि पन्नास मीटरवरचा काळा ठिपका ही दोघं माझ्या डोळ्यांना एकाच वेळी दिसेनाशी झाली आहेत. एक दिसलं की दुसरं धूसर. यंदा क्लबाने पन्नाशीच्या वरच्यांना रायफलीवर दुर्बीण बसवायची परवानगी दिली, आणि यंदाचं वर्ष माझं तिसरं होतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. एवढं सगळं स्वच्छ असताना मी तुझ्यावर भरवसा ठेवला, ही चूक मात्र माझी.

दुर्बिणीबद्दल मी वाईट बोलणार नाही. तू गोदीत कुणा बोटीवरच्या साहेबाकडून ती मिळवलीस, ती सुरेख आहे. तिच्यातून पाहिलं की समोरच्या गच्चीवर नवसाबाई वाळवणात किती मीठ घालते तेसुद्धा दिसतं. पण ही दुर्बीण रायफलीवर ठेवायची कशाच्या आधाराने, हा प्रश्न तुला मुंबईसारख्या शहरात राहून पडला नाही. तिला दोन रिंगा लागतात, गोरक्ष. खालचा पाय रायफलीच्या पाठीवरच्या खाचेला घट्ट पकडतो आणि वरचं कडं दुर्बिणीच्या नळीला. मी पत्रात मापासकट लिहिलं, नळी एक इंच. मी ओझरच्या कारखान्यात तपासणी खात्यात सोळा वर्षं काढली आहेत, माझ्या हातून माप चुकत नाही. तू पाठवलीस ती तीस मिलिमीटरची जोडी. तिच्यात दुर्बीण खुळखुळायला लागली. वर तुझी चिठ्ठी, की दुकानदार म्हणतो, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, चालून जातं. विमानाचे भाग तपासणाऱ्या माणसाला तू सायकलची ट्यूब सुचवतोस. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.

दुसरी जोडी मुंबईहून इकडे येणाऱ्या झुंबरकाकूंबरोबर आली (त्या बिचाऱ्यांनी ती लोणच्याच्या बरणीत सुरक्षित राहील म्हणून बरणीत घालून आणली, त्यांना मी काही बोललो नाही, तेल पुसून घेतलं). कडं बरोबर एक इंच, पण उंची इतकी कमी, की दुर्बिणीचं पुढचं रुंद तोंड रायफलीच्या नळीवर टेकायचं आणि मागे गोळी भरायचा बोल्ट उचलायला गेलं की त्याची मूठ दुर्बिणीवर आपटायची. म्हणजे गोळी भरायची तर दुर्बीण काढा, आणि नेम धरायचा तर गोळी काढा. रिंगा ठेंगण्या, मध्यम आणि उंच अशा तीन प्रकारच्या असतात, हे तुला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि मला ते तुला ट्रंक कॉलवर ओरडून सांगावं लागलं. टपाल कचेरीतल्या सगळ्या माणसांना आता रिंगांची उंची पाठ झाली आहे.

तिसरी जोडी आली ती उंच. मध्यम मागितली होती, उंच आली. तोवर स्पर्धा दहा दिवसांवर आली होती, म्हणून मी तोंड मिटून घेतलं आणि जुन्या घोंगडीचा तुकडा दुमडून दस्त्यावर शिवला, म्हणजे गाल टेकायला जागा झाली. मग बसवायचं काम. स्क्रू एकदम आवळायचे नसतात, या बाजूचा पाव फेरा, त्या बाजूचा पाव फेरा, आणि दोन्हीकडची फट सारखी राहिली पाहिजे. दुर्बिणीतली उभी रेघ खरोखर उभी हवी, म्हणून मी गवंड्याचा ओळंबा आणला. तो लोंबता धरायला अंगणात खुंटी नाही, तेव्हा तुझी आक्का स्टुलावर चढून तासभर ओळंबा धरून उभी राहिली. हात भरून आला तरी दोरी हलू दिली नाही. नवसाबाईने विचारलं, भिंत कुठे बांधताय. आक्काने तिला उत्तरसुद्धा दिलं नाही, कारण बोललं की दोरी हलते. अशा बाईचा तू सख्खा भाऊ आहेस, यावर माझा विश्वास बसत नाही.

काल खाणीतल्या मैदानावर माझा नंबर साडेदहाला आला. दहा गोळ्या. पहिल्या चार नऊ, दहा, नऊ, नऊ. गेल्या दहा वर्षांत असे चार मी मारलेले नव्हते. पाचवी सहावर गेली. मी म्हटलं, श्वास चुकला असेल. सहावी पाच, सातवी चार, आठवी चार, नववी तीन, दहावी दोन. नेम प्रत्येक वेळी मधोमध होता, हे मी शपथेवर सांगतो. एकूण एकसष्ट. मी उठलो आणि मागची रिंग बोटाने दाबली, तर ती हलली. तू पाठवलेली, तुझ्या त्या ट्यूबवाल्या दुकानदाराची रिंग चार गोळ्यांत सैल पडली. सेक्रेटरी सहादू (निफाडकडचा द्राक्षबागाईतदार, माझ्याहून वीस वर्षांनी लहान) जवळ आला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "मामा, आता टेबलावर बसा. तिथं बी लय मान हाय." मला तो प्रेमाने बोलला याचाच जास्त राग आला.

पण मी अजून संपलेलो नाही. नियमात असंही लिहिलं आहे, की सामानात दोष निघाला आणि तो समितीतल्या तिघांनी डोळ्यांनी पाहिला, तर पुढच्या रविवारी, स्पर्धेची उरलेली फेरी असते तेव्हा, पुन्हा दहा गोळ्या मिळतात. आज दुपारी मी ती मागची रिंग उघडणार आहे. आत काय भेसळीचं लोखंड निघतं ते समितीपुढे मांडणार आहे आणि अर्जात ती कुणी निवडून पाठवली त्याचं नाव, हुद्दा, पत्ता लिहिणार आहे. तू मध्यम आणि उंच यांतला फरक न कळणारा, विचारलं ते न ऐकणारा आणि विचारलं नाही ते सुचवणारा माणूस आहेस. माझ्या हयातीत माझ्यासाठी पुन्हा काही खरेदी करू नकोस, रुमालसुद्धा नको.

सौ. कलास आशीर्वाद, मुलांस गोड पापा. तुला वर दिले तेवढे पुरे.

तुझ्या बहिणीचा नवरा,
कोंडाजी

ता. क. हे पत्र तुझ्या आक्काने वाचलं. "रुमालसुद्धा नको" हे खोडा म्हणते. मी खोडणार नाही. भाऊबिजेला सहकुटुंब ये असं तिने लिहायला सांगितलं आहे, ते तिचं आमंत्रण समजावं.

ता. क. दुसरा. हा कागद वेगळा आहे, टपाल कचेरीत उभा राहून लिहितो आहे. वाचून फाडून टाक.

आक्का जेवणानंतर नदीवर गेली तेव्हा रिंग उघडली. लोखंडात काही भेसळ नाही. रिंगेच्या पायाखाली खाचेत कुंकू लागलेला एक अक्षतेचा दाणा होता, चुरडून पीठ झालेला. खंडेनवमीला मी साफसफाईसाठी दुर्बीण रिंगांसकट उतरवून पाटावर ठेवली होती, रायफलीशेजारी. आक्काने सगळ्याची मन लावून पूजा केली. नंतर मी दुर्बीण पुन्हा चढवायला बसलो तेव्हा ती म्हणाली, पूजा केलेल्यावर फडकं फिरवू नका. मी नुसती फुंकर मारली आणि स्क्रू आवळले. दाण्यावर पाय बसला, चार गोळ्या टिकला, मग दाणा फुटला आणि रिंग सैल झाली. सोळा वर्षं मी दुसऱ्यांच्या कामात बोट घालून कचरा शोधला, आणि माझ्या स्वतःच्या खाचेत पाहिलं नाही.

तो दाणा समितीला दाखवला असता तर मला दहा गोळ्या मिळाल्या असत्या. पण मग सहादूने ती गोष्ट निफाडपर्यंतच्या प्रत्येक बागेत सांगितली असती, आणि ती आक्काच्या कानावर आलीच असती. काल दुपारपासून ती नीट जेवलेली नाही. देवापुढे बसते आणि म्हणते, माझ्या पूजेतच काही उणं राहिलं असेल. म्हणून मी खाच रॉकेलने धुतली, रिंग पुन्हा आवळली, आता ती पहारीने हलणार नाही. दाखवायला दोष उरलेला नाही. समितीने ऐकलं नाही असं तिला सांगेन, द्राक्षवाल्याला लोखंडातलं काय कळतं असंही म्हणेन.

रिंगा उत्तम आहेत, गोरक्ष, उंची सोडून. मला तुझ्याकडून एकच हवं आहे. उलट टपाली पत्र पाठव, माझ्या नावाने नको, आक्काच्या नावाने, मोठ्या अक्षरांत. रिंग खराब होती, दुकानदाराने कबूल केलं, सगळी चूक माझी, मला माफ कर, एवढंच लिही. स्वतःची बाजू मांडू नकोस, तुला मोह होईल. शनिवारच्या आत पोचू दे. रविवारी मी कुपनं फाडायला निघेन, तेव्हा तिने दारात उभं राहून तुला नावं ठेवायला हवीत, स्वतःला नव्हे.