जिनिंगपाशी उतरायचे नाही

मी, कोकिळा डोमाजी वैरागडे, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा शेती व घरकाम, राहणार देवळी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टर जिना चढू देत नाहीत, पण लिहायला जिना लागत नाही. माझ्या तेरवीला, जेवणे आटोपल्यावर, सून रक्षाने हे सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. गजेंद्रला वाचायला देऊ नये, त्याचा आवाज मध्येच बसेल. माझे पती श्री. डोमाजी उठून जाऊ लागले, तर त्यांना बसवून घ्यावे.

१. माहेरकडून मिळालेले माझ्या नावचे शेत मुलगा गजेंद्र याचे. ते विकू नये, असे लिहिणार होते, पण मेल्यावरही हुकूम सोडणारी बाई म्हणून नाव नको. त्याला समजते.

२. दागिने व पोस्टातील बचत रक्षाची. दागिने मोडून ट्रॅक्टरचे टायर घेऊ नयेत.

३. शेजारीण रुख्माबाई हिने गजेंद्रच्या लग्नात नेलेला पितळी गंज अजून परत केलेला नाही. तो तिलाच राहू द्यावा. मात्र माझ्या वर्षश्राद्धाची भाजी त्याच गंजात शिजवावी, म्हणजे तो कुठे आहे हे चार लोकांना दिसेल.

४. बॅटरीची गाडी. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

ही दुचाकी मी २००७ साली भिशीच्या पैशातून घेतली. तिला लायसन लागत नाही, किक मारावी लागत नाही, म्हणून घेतली. माझी आई यशोदाबाई तेव्हा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. माहेर तीन कोसांवर. भाऊ-वहिनी भली माणसे, पण आई माझ्याच हातून जेवत असे. वहिनीने घास पुढे केला की तोंड मिटून घेई. मी रोज दुपार कलली की गाडीवर जाई, तिला भरवी आणि दिवेलागणीला परत येई.

आमचे हे दोनतीनदा माझ्या मागे बसून सासूला भेटायला आले. एकदा परतताना बसस्टँडजवळच्या पानठेल्यावरून कोणीतरी म्हणाले, "काय गा डोमाजी, कंडक्टरची नोकरी लागली का?" सगळे हसले. मीही हसले. हे हसले नाहीत. पुढच्या खेपेला गाव यायच्या आधी, कापसाच्या जिनिंगपाशीच म्हणाले, "उतरव मले अथीच." आणि तिथून पायी घरी आले.

त्याच पावसाळ्यात एका सकाळी गाडी बंद पडली. चावी फिरवली तर दिवासुद्धा लागेना. ज्याने विकली त्याने तोवर दुकान गुंडाळले होते. हे म्हणाले, "बॅटऱ्या गेल्या. आता भंगारात जाते ते." मी एस.टी.ने जाऊ लागले. पण संध्याकाळी परतीची बस नाही, मुक्काम पडे, आणि घरी आले की हे विचारत, "रोज रोज काऊन जा लागते तुले? तथी सून हाये ना तिची." रोजचे जाणे आठवड्यावर आले. शेवटच्या भेटीत आई म्हणाली, "उद्या येजो वं." मी हो म्हटले आणि गेले नाही. तिने खाणे सोडले आणि दिवाळीनंतर ती गेली. लोक म्हणाले, वय झाले होते.

गाडी गोठ्यात पोत्यांखाली पडून राहिली. दोन्ही दसऱ्यांना हे तिला पुसून झेंडूचा हार घालत. मला वाटे, बंद पडलेल्या गाडीवरही केवढा जीव या माणसाचा.

आई गेल्याला वर्ष झाल्यावर मी ठरवले की गाडी चालू करायची. पेचकस कोणता आणि पाना कोणता, माझे ज्ञान एवढेच. रेडिओ दुरुस्त करणारे प्रेमदास यांना विचारले. ते म्हणाले, "मले गाडीतलं काई समजत नाई बाई. पण टॉर्चमंदी सेल कसे लावता, एकाच्या मागं एक? तसंच असन." नव्या बॅटऱ्या आणल्या. पहिल्याच दिवशी पाना दोन्ही टोकांना टेकला, ठिणगी उडाली आणि पान्याला खाच पडली. त्या दिवशी तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी पान्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून पुन्हा बसले. बॅटऱ्या बरोबर लागल्या, तरी गाडी मुकीच. मग सगळी झाकणे काढली आणि चावीपासून एकेक वायर बोटाने धरत मागे गेले.

सीटखाली एक बारीक लाल वायर तुटलेली होती. उंदराने कुरतडलेली वायर अशी नसते. ती पकडीने सरळ कापलेली होती. दोन्ही टोकांना वेगवेगळी काळी टेप गुंडाळून वरून पांढरा दोरा बांधलेला होता. आमच्या विहिरीवरच्या मोटारीची प्रत्येक वायर अशीच बांधलेली आहे. उन्हाने टेप सुटते म्हणून हे वरून दोरा बांधतात. गावात दुसरे कोणी बांधत नाही.

हात उगारला असता तर मी भावाला सांगितले असते. हे कोणाला सांगणार? चार टवाळांच्या हसण्यापायी या माणसाने माझा विश्वासघात केला आणि माझ्या आईच्या तोंडचा घास काढला. आणि कापल्यावर मला करंट लागू नये म्हणून टेपही गुंडाळली. मला जास्त लागते ते हेच.

मी वायर जोडली, टेप लावली आणि वरून त्यांच्यासारखाच दोरा बांधला. संध्याकाळी गाडी अंगणात आणली. हे ओट्यावर होते.

"चालली?"

"चालली."

"काय झालतं तिले?"

"बॅटऱ्या उतरल्या होत्या."

"मी म्हनलंच होतं," असे म्हणून ते जेवायला बसले.

तर ही गाडी, खाच पडलेल्या पान्यासह, रक्षाची. पाना प्रेमदास यांना द्यायचा होता, पण साक्षीदाराला काही न दिलेले बरे, असे दुसरे साक्षीदार अण्णाजी यांनी सुचवले. दसऱ्याचा हार रक्षानेच घालावा, दुसऱ्या कोणाच्या हाताने नको. माझ्या आईच्या श्राद्धाला दरवर्षी तिने ह्यांना मागे बसवून माझ्या माहेरी न्यावे. जाता-येता पानठेल्यासमोरून, सावकाश. त्यांनी जिनिंगपाशी उतरायचे नाही.

५. राहते घर ह्यांचेच आहे, त्यावर माझा दावा नाही. त्यांना दोन्ही वेळा गरम जेवण आणि बीपीची गोळी न चुकता द्यावी. माझा कुंकवाचा करंडा त्यांच्या हातात द्यावा. त्यात कुंकू नाही. कापलेल्या वायरीवरून काढलेल्या टेपचे दोन तुकडे आहेत, दोऱ्यासकट. त्या वेळी कोणी त्यांना काही बोलू नये. ते माझ्या आधी गेले, तर हे मृत्युपत्र जाळावे, करंडा नदीत सोडावा आणि ही गोष्ट कोणाला कळू देऊ नये.

हिला कधी कळले, असे त्यांनी विचारले, तर रक्षाने सांगावे: गाडी चालू झाली त्या दिवशी तुम्ही एक भाकर जास्त मागून घेतली होती. ती भाकर सासूबाईंनी सगळे कळल्यावरच वाढली.

वर लिहिलेले सर्व माझ्या राजीखुशीचे आहे. राजी किती आणि खुशी किती, ते माझे मला माहीत.

सही: कोकिळा डोमाजी वैरागडे

साक्षीदार (मजकूर वाचलेला नाही, सही करताना पाहिले):
१. अण्णाजी झाडे, देवळी
२. प्रेमदास उमरे, रेडिओ दुरुस्ती, देवळी

स्थळ: देवळी, जि. वर्धा
दिनांक: १६ नोव्हेंबर २००९