शेवग्याखालचं बीळ

पनवेल, ३ जानेवारी १९५४
एकदाचं घर लागलं! ह्यांना इथल्या भातगिरणीत कारकुनाची जागा मिळाली आणि दादरच्या एका खोलीतून सुटून मला चक्क परसदार मिळालं. विहीर, शेवगा, दुपटी वाळत घालायला भरपूर ऊन. बाळ आता तीन महिन्यांचं. प्यायला लागलं की घटाघट पितं आणि ढेकर देऊन झोपतं, अगदी बापावर गेलंय. घरमालकीण कमळाबाई किल्ली देऊन लेकीकडे उरणला गेल्या. शेवग्याखाली एक सपाट काळा दगड आयताच पडला होता. दुपटी धुवायला बरा म्हणून ह्यांच्या मागे लागून न्हाणीत आणवला. हे म्हणाले, आल्या दिवशीच मला हमाल केलंस.

६ जानेवारी
दगड होता नेमकं तिथेच बीळ पडलंय. नारळ आत जाईल एवढं तोंड. हे म्हणतात घूस. शेजारच्या भीमाबाई म्हणाल्या, खाडी जवळ आहे, मोठा खेकडा असेल. मला दोन्ही पटेना. घूस माती उकरून एका बाजूला ढीग करते. इथे माती चहूकडे उडालीय, आतून कुणी ढकलल्यासारखी. मी विटांचे तुकडे कोंबून वर शेण लिंपलं. घूस असो की घुशीची सासू, आता बसेल गप्प.

८ जानेवारी
तुकडे बाहेर. दुसरं बीळ विहिरीपाशी, म्हणजे घराच्या बाजूला. ह्यांनी मिरच्यांची धुरी दिली. घूस तडफडत बाहेर येते म्हणे. बाहेर काही आलं नाही, पण आत कुणीतरी ठसकलं. आपलं बाळ सर्दीत ठसकतं तसं. हे म्हणाले, मांजराचं पिल्लू असेल. मी हो म्हटलं, पण जेवण गेलं नाही.

११ जानेवारी
तिसरं बीळ न्हाणीच्या भिंतीला. पावलांवरून कळेल म्हणून काल चुलीतली राख पसरली होती. सकाळी पाहिलं. घुशीची पावलं नाहीत, मुंगसाचीही नाहीत. लहान तळवे, आणि मागे गुडघ्यांचे फराटे. आमचं बाळ अजून पालथंही पडत नाही. ह्यांना बोलावून आणलं तोवर कोंबड्यांनी राख विस्कटली होती. मला फार भीती वाटतेय.

१३ जानेवारी
दूध आटलं. बाळ ओढतं, काही मिळत नाही, रडतं. गाल पार बसले. सकाळी जाग येते तेव्हा छाती रिकामी असते आणि चोळीला माती, ओली माती. बाळ तर स्वच्छ —

१४ जानेवारी, संक्रांत
कमळाबाई तीळगूळ घेऊन आल्या. न्हाणीत दगड दिसला आणि त्यांनी तीळगुळाची वाटी खाली ठेवून त्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "त्या दगडाखाली माझं पोर हाय. दात आलं नवतं, म्हनून जाळलं नाय, तिथंच पुरलं. माझ्या अंगावर दूधच नवतं. उपाशी गेलं ते."
उद्याच दादरला परत जायचं. ह्यांनी लगेच ट्रंक खाली काढली.

१५ जानेवारी, दुपार
दगड सकाळी जागेवर ठेवला. ठेवताना वाटलं, ते आत असेल ना? की —
हे बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेलेत, आले की संध्याकाळच्या एस.टी.ने निघायचं. पुढच्या दाराला कडी घातली, मागचं नुसतं लोटलं आणि पडले.

डोळा लागला होता. बाळाच्या ओढण्यानेच जाग आली. हे मागून आले असणार, त्याला कुशीत ठेवून पाय धुवायला गेले असतील. पदराखाली घटाघट पितंय. दूध आलं! रडू आवरत नाही. एका हाताने लिहितेय, अक्षर वाकडं —

पुढची कडी वाजतेय. ह्यांची हाक. म्हणतात, दार उघड, बाळ भुकेनं कळवळलंय —
बाहेर रडतंय. माझं बाळ बाहेर रडतंय —
पदराखाली अजून ओढतंय. सोडत नाही. आणि दात — ह्याला दात आ