टाकीतल्या पाण्याचा रिपोर्ट

प्रिय दादा,

तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही. बोलायला लागले की तू हसण्यावारी नेतोस आणि मग मीही हसते. कागदावर तसं जमत नाही.

तुझी संत्र्याची बाग परवा रस्त्यावरून पाहिली. पानांच्या कडा जळलेल्या, आळ्यात पांढरा थर. पाणी दिलं की ते मुरत नाही, वर तसंच उभं राहतं, असं तुझा गडी सांगत होता. माती खाऱ्या पाण्याने घट्ट झाली की असंच होतं. आमच्या प्रयोगशाळेत असे शेतकरी रोज येतात आणि त्यांना हे मी रोज समजावून सांगते.

लागवडीच्या आधी पाणी तपासायला तू बाटली भरलीस तो दिवस आठव. मी ओसरीवर चहा पीत होते. बोअरची मोटर अर्धा तास चालवून, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरायची, हे मी तुला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. वीज गेली होती आणि तुला धीर कुठला? तू पत्र्याखालच्या टाकीत बाटली बुडवलीस. त्या टाकीत निव्वळ पावसाचं पाणी होतं. मी पाहिलं आणि चहा संपवला. पुढे यंत्रावर आकडा आला तेव्हाही थांबता आलं असतं, कारण इतकं गोड पाणी आपल्याकडे जमिनीखालून येत नाही. मी 'सिंचनास योग्य' असं लिहून सही केली.

का, ते तुला ठाऊक असायला हवं. बाबा गेल्यावर हक्कसोडपत्रावर माझी सही घेताना तू घड्याळ बघत होतास. मला राग आला होता, दादा, आणि तो अजून गेलेला नाही. तुझी बाग वाळताना मला बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते.

पण तू खापर वहिनीवर फोडलंस. खत हिनेच जास्त टाकलं, हिच्या हाताला यश नाही, असं चार माणसांत बोललास. ती लेकीला घेऊन माहेरी गेली तेव्हा मी तिथेच, दाराशी होते. तेव्हाही मी गप्पच राहिले.

गेल्या आठवड्यात वहिनी बोअरच्या पाण्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेत आली. तू बाजाराला गेलास तेव्हा गड्याला मोटर सुरू करायला लावून, नियमाप्रमाणे भरलेली. क्षार मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघाले. रिपोर्ट हातात घेऊन ती एवढंच म्हणाली, "मग पहिला चांगला कसा आला?" मी टाकीचं सांगितलं. तिने विचारलं, "ताई, तुम्हाला कसं माहीत?" मी तेव्हा बघत होते आणि तरीही सही केली, हे तिला कळलं.

रिपोर्ट तिने टेबलावर ठेवला. तो घेऊन तुझ्याकडे यायचं, निर्दोष ठरायचं आणि घरी परतायचं, असं ठरवून ती आली होती. आता नाही येणार; ज्या घरात तू खापर फोडलंस आणि मी खरं ठाऊक असून बघत राहिले, तिथे तिला परतायचं नाही. उरलेल्या शेतातही ते पुढच्या सोमवारी कलमं लावताहेत, त्याआधी पाणी खारं आहे तेवढं त्यांना कळवा, म्हणाली. नाहीतर मी यावेळीही गप्प बसले असते. रिपोर्ट सोबत जोडला आहे. आणि ती परत येणार नाही, हेही तुम्हीच लिहा, असं तिने मला सांगितलं आहे.

तुझीच,
धाकटी बहीण