पितरात पाहायले आणलेली दुर्बीण

९ सप्टेंबर, मंगळवार
तळ्यावर, तिथंच राहते त्या फुलबाईशी पुन्हा वाद. कमळाच्या पानावर तो लांब शेपटीचा पक्षी बसून असते. ती म्हणते माय अंडे उबवून राहिली. मी म्हटलं बाप आहे. कमळपक्ष्यात बापच बसते, माय अंडे देऊन मोकळी, मोबाईलवर पाह्यलं मी. फुलबाई म्हणे, असा मरद कोण्या गावात भेटते ते सांग, तिथं पोरगी देतो. हसून हसून तळ्याच्या पाळीवर, बांधावरच बसलो दोघी.
पण अंडे आहे का नाही, तेच दिसत नाही. पोराची, विनूची जुनी दोन डोळ्यायची दुर्बीण आहे, पण पक्षी लांब अन् माझा हात हलते. तिपाईवरची पाहिजे, एका डोळ्याची. स्कोप म्हणते तिले. घ्यायची. ठरलं.

११ सप्टेंबर
सारी दुपार मोबाईल. जो तो साठपट, साठपट ओरडते. एक बाई शहाणी होती. म्हणे साठावर चित्र अंधारते, थरथरते, विसावर काय दिसते ते पाहा अन् मंग घ्या. बाईचं पटलं. मले काय, पिशवीत मावली पाहिजे अन् एका हातानं घेऊन पाळ चढता आली पाहिजे. चष्मा काढायची कटकट नको. भिशीच्या पैशात बसली पाहिजे, विनूपुढे हात नाही करायचा. अन् डोळा लावायची नळी वाकडी, म्हणजे विहिरीत डोकावल्यासारखं पाहायचं. आमचे हे सिग्नलच्या खांबाएवढे, मी बुटकी. सरळ नळी असली तर दर खेपेले तिपाई वरखाली करा.
ह्यायचा काय संबंध म्हणा. हे कुठं येते तळ्यावर. रिटायर झाले तसे खुर्चीत आहे, कुठं चला म्हटलं की "काय काम आहे माझं तिथं?" तरी वाकडीच मागवली.

१४ सप्टेंबर, रविवार
आली. भरल्या लोट्याएवढी जड, बस. हे म्हणाले, पितर चालू आहे, नवीन वस्तू घरात आणते का कोणी? मी म्हटलं घेतली कुठं, पाहायले आणली. घट बसेपर्यंत वापस करायची मुदत आहे. ठेवीन त्या दिवशी घेतली म्हणायची. 
संध्याकाळी विनू आला त्याच्या घरून, रिसालीहून, हातात हे मोठं खोकं. फोनवर सांगतलं होतं मले स्कोप पाहिजे म्हणून, तर लेकानं प्लँटमधल्या साहेबाले विचारून मोठी आणली. भोंग्याएवढं तोंड तिचं. किंमत ऐकून मी पाणी प्याली, तेवढ्यात फ्रीज आला असता. विनू म्हणे, "आई, एकच ठेव. जे आवडन ते. दूसरा वापस कर देंगे." कोणतं आवडलं पाहिजे ते तोंडावर लिहिलं होतं त्याच्या. म्हटलं परीक्षा घेऊ दोघींची.
हीही पाहायलेच आणली, असं पितरायले सांगून ठेवलं.

१५ सप्टेंबर
परीक्षा गच्चीवर. घर रेल्वेच्या यार्डाच्या कडेले, वॅगनी समोरच उभ्या. ह्यायनं सारी नोकरी तिथं वॅगनीचे नंबर टिपले, पायी, एकेक वॅगन. मी सातवीपर्यंत शिकली पण आकडे माझे पक्के. तिसऱ्या लाईनीवरचा नंबर वाचन ती पास. भर दुपारी लावल्या. दोन्ही नापास! नंबर पाण्यात पडल्यासारखे हलून राहिले. लुटते लोक, म्हटलं, अन् खाली येऊन दोन्ही खोके बांधाले घेतले.
हे खुर्चीतून म्हणते, "रूळ तापले की हवा हलते. दुपारी कोणी लांबून नंबर वाचते का? पाच वाजता पाह्य."
एका दमात एवढं बोलले.
पाच वाजता हे सोताच गच्चीवर. लहानीत तिसरी लाईन साफ, चवथी अशीतशी. मोठीत तर पार पल्याडची. हे मोठीले जे चिकटले ते दिवे लागले तरी हटेना. नंबर मोठ्यानं वाचून राहिले, जसं कोणी उतरवून घेऊन राहिलं बाजूले. चहा थंडा.

१७ सप्टेंबर
आता हे सकाळ-संध्याकाळ गच्चीवर. विनू खुश, "देखा आई?" देखा बाबा. मोठी चांगलीच आहे, उजेड गेला तरी तिच्यात दिसते, लहानीत काळं होते. पण तिपाईसकट उचलली तर माझ्यानं जिना होत नाही, पाळ कुठची होते.
मोठी ठेवली तर हे गच्चीवर अन् मी तळ्यावर रिकाम्या हातानं. लहानी ठेवली तर हे पुन्हा खुर्चीत. माझा विचार तिसराच आहे. मले लहानीही पाहिजे अन् हेही पाहिजे, दोन्ही तळ्यावर.
जमवते बरोबर. ह्यायले कारल्याची भाजी खायले मीच शिकवलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
लहानी नेली. तिपाई हलकी, वाऱ्यानं थरथरे. खाली दगडाची थैली लटकवली, गप उभी राह्यली. फुलबाई तिच्या बोलीत म्हणे, "दाई, ये तोप ए का?" तिलेच आधी दाखवलं. पक्षी सोताच बाजूले झाला तवा एकेक बोट दुमडत मोजलं. मंग म्हणे, चार. मीही पाह्यलं, चारच. तपकिरी, तेल लावल्यासारखे चकचकीत. उबवणारा बाप आहे हे काही मानलं नाही तिनं. नर-मादी दिसते सारखीच, तिचंही खरं.
घरी ह्यायले सांगतलं, चला. "काय काम आहे माझं तिथं?"
म्हटलं काम आहे. फुलबाई म्हणते चार अंडे, मी म्हणते तीन. हिशेब जुळत नाही, नंबर टिपणारा माणूस पाहिजे.
खोटं बोलली. पितरात. पितर पाहून घेतीन.
हे हात धुवाले उठले. मंग जेवताना, "मोजताना पक्षी उठू नाही पाहिजे."

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री
कावळ्यायले घास सकाळीच ठेवला. वळून पाहते तर हे चप्पल घालून दारात, खांद्यावर मोठी. म्हणे मोजायचं तर नीट मोजू. मी लहानी पिशवीत घेतली. नाल्याच्या पुलियापाशी थांबले. पुढे पिंपळाखाली थांबले. द्या मी धरते म्हटलं तर ऐकत नाही. पाळीखाली फुलबाईचं घर, तिथं मोठी ओट्यावर टेकवली, घाम पुसला, अन् माझ्या हातातली पिशवी घेतली. 
पाळीवर वाकून पाह्यलं. वाकडी नळी, तिपाई वरखाली करा लागली नाही.  काय सांगू, कवाचं पाहून राहिले.
"अंडे तीन. अन् एक पिल्लू. दोघी बरोबर आहा."
फुलबाईनं माझ्याकडे पाह्यलं. मी तळ्याकडे.
येताना मोठी ऑटोत आणली. उद्या घट बसते, उद्याच वापस न्यायले माणूस येणार. विनूचा फोन, "कौनसा वापस?" म्हटलं उद्या सांगते. मोठी वापस गेली तर रागावन थोडा, मंग तोही येईन तळ्यावर.
आता हे विचारून राहिले, उद्या किती वाजता निघाचं, बाकीचे तीन फुटले असन. दोन्ही दाराजवळ ठेवल्या मी, मोठी अन् लहानी, बाजूबाजूले. सकाळी हे कोणती उचलते ते पाहीन. उरन ती खोक्यात अन् वापस.